स्वमग्न मुले आणि अपस्मार : स्वागताध्यक्षीय भाषण

सन्माननीय अध्यक्ष, आमंत्रित तज्ज्ञ, परिचारिका, उपचारक, तसेच जेद्दा आणि दम्मामहून आलेले मराठी पालक या सर्वांचे रियाधमध्ये स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.

स्वमग्नता ही संवाद, सामाजिक देवाणघेवाण आणि वर्तन यांवर लहानपणापासून परिणाम करणारी मेंदूच्या विकासाची अवस्था, तर अपस्मार हा मेंदूच्या विद्युत्-क्रियेतील बिघाडामुळे वारंवार आकडी येण्याचा विकार असून, स्वमग्न मुलांत तो इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. मात्र हाक मारूनही न बघणारे, एकटक पाहत राहणारे वा ओठ चावत बसणारे मूल स्वमग्नतेमुळे तसे वागते की त्याला त्या क्षणी आकडी येत आहे, हे जाणत्या डॉक्टरांनाही केवळ वर्णनावरून ठरवता येत नाही. मेंदूचा विद्युत्-आलेख, म्हणजे ईईजी, निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही आणि आलेखात दोष दिसला म्हणून औषध सुरू करावेच असेही नाही, त्यामुळे आईने मोबाइलवर टिपलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण अनेकदा निदानाला अधिक उपयोगी पडते.

सौदी अरेबियात निम्म्याहून अधिक विवाह नात्यात होत असल्याने स्वमग्नता आणि अपस्मार यांच्या आनुवंशिक कारणांच्या शोधात अशा कुटुंबांना विशेष महत्त्व आले. अरब देश, तुर्कस्तान आणि पाकिस्तानातील कुटुंबांवर आधारित, २००८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलेल्या एनएचई९ या जनुकात, स्वमग्नता आणि अपस्मार दोन्ही असलेल्या मुलांमध्येही बिघाड आढळला. या देशात २००४पासून सक्तीची झालेली विवाहपूर्व तपासणी सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांसाठी सुरू झाली. मात्र एनएचई९मधील बिघाडासारख्या विरळ जनुकदोषांचा माग तिच्यात लागत नाही. मामेबहिणीशी लग्नाची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांतही असल्याने हा प्रश्न केवळ यजमान देशाचा मानण्याचे कारण नाही.

रमजानमध्ये लहान मुलांना रोजा नसला, तरी घरादाराची झोप पहाटेच्या सहरीपर्यंत लांबणीवर पडते. अपुरी झोप आणि चुकलेली औषधाची वेळ या दोन्हींमुळे आकडी बळावू शकते, म्हणून औषधाचे वेळापत्रक रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घेणे आवश्यक असते. लेव्हेटिरासिटॅमसारख्या आकडीविरोधी औषधाने काही मुले चिडचिडी होतात आणि ती चिडचिड स्वमग्नतेच्या खाती जमा होते, याचीही चर्चा सत्रांत व्हावी. पालकांसाठी राखलेला वेळ तज्ज्ञांनी आपल्या भाषणांत खर्ची घालू नये, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.