दहा सेंट जमीन आणि वायुवाहिनी
(एका अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



केरळात जमीन सेंटमध्ये मोजतात. एका एकराचे शंभर सेंट होतात. तेव्हा दहा सेंट म्हणजे आपल्याकडचे चार गुंठे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला चार गुंठ्यांचे फारसे अप्रूप वाटणार नाही. केरळातल्या गरीब माणसाच्या लेखी मात्र दहा सेंट हा आकडा केवळ क्षेत्रफळाचा नाही. जमीनदाराच्या आवारात झोपडी बांधून राहणारा, मालकाची मर्जी फिरली की उठवला जाणारा, असा जो कुडिकिडप्पुकार नावाचा वर्ग तेथे पिढ्यानपिढ्या होता, त्याला 1969 सालच्या दुरुस्तीने आपल्या झोपडीखालची व भोवतालची जमीन सवलतीच्या किमतीने विकत घेण्याचा हक्क मिळाला. ही दुरुस्ती 1 जानेवारी 1970 पासून अमलात आली. मोठ्या शहरांत तीन सेंट, लहान नगरपालिकांत पाच सेंट आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीत दहा सेंट, अशी त्या हक्काची मर्यादा होती. हे दहा सेंट कोणी दान दिलेले नव्हते. मोर्चे काढून, तुरुंगवास भोगून आणि रक्त सांडून डाव्या चळवळीने ते मिळविले होते.

त्याच केरळात, त्याच चळवळीचा वारसा सांगणाऱ्या पक्षाचे सरकार असताना, 1 नोव्हेंबर 2017 रोजी कोळिकोड जिल्ह्यातील मुक्कमजवळच्या एरञ्ञिमाव या गावी पोलिसांनी लाठ्या चालविल्या. दिवस केरळ राज्याच्या स्थापनेचा होता. लाठ्या ज्यांच्यावर पडल्या त्यांत आपल्या घराच्या आवारातून नैसर्गिक वायूची वाहिनी जाऊ नये म्हणून जमलेले रहिवासी होते. दगडफेक झाली, पोलीस ठाण्यापर्यंत हाणामारी पोहोचली, अनेकांना अटक झाली. त्या दिवशी कोणी आधी हात उचलला यावर बराच वाद झाला. पण हात उचलण्यापर्यंत पाळी का आली, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

प्रकल्प आणि त्याची बाजू

कोची ते मंगळुरू ही वाहिनी सुमारे 450 किलोमीटर लांबीची आहे. एर्नाकुलम, त्रिशूर, पालक्काड, मलप्पुरम, कोळिकोड, कण्णूर आणि कासरगोड या सात जिल्ह्यांतून ती कर्नाटकात शिरते. गेल ही केंद्र सरकारची कंपनी तिची मालक आहे. कोचीजवळच्या पुदुवैप येथे द्रवरूप वायू उतरवून घेण्याचे, वर्षाला पन्नास लाख टन क्षमतेचे केंद्र 2013 साली तयार झाले. परंतु वायू वाहून नेण्यास वाहिनीच नसल्यामुळे ते कित्येक वर्षे क्षमतेच्या अगदी थोड्या अंशाने चालत राहिले. सार्वजनिक पैसा असा पडून राहणे हेही लोकहिताचे नव्हे. खतकारखान्यांना वायू हवा असतो; कोळसा आणि भट्टीतेल यांच्या तुलनेने तो कमी धूर करतो; शहरांतील स्वयंपाकघरांना नळाने इंधन मिळू शकते. ही बाजू खोटी नाही. विरोध करणाऱ्यांतील बहुसंख्यांनीही वायू नकोच असे म्हटले नव्हते. वाहिनी दाट वस्तीतून नेऊ नका, तिचा मार्ग बदला, एवढेच त्यांचे मागणे होते.

दाट वस्ती टाळा, हे केरळात म्हणणे सोपे आहे, करणे कठीण आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशात दर चौरस किलोमीटरला 382 माणसे राहत होती, केरळात 860. महाराष्ट्रात गावठाण एकीकडे आणि शिवार दुसरीकडे असते. केरळात असा भेद जवळजवळ नाही. प्रत्येक घर आपल्या परंबूत, म्हणजे आवारात, उभे असते. भोवती चार नारळ, थोड्या सुपाऱ्या, एखादा फणस, त्यावर चढलेली मिरी आणि कोपऱ्यात विहीर. एका घराचे कुंपण संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते. नकाशावर जी पट्टी हिरवी दिसते ती शेतजमीन नसते. ती घरांची रांग असते.

कायदा काय म्हणतो

अशा वाहिन्यांसाठी जमीन संपादन केली जात नाही. 1962 सालच्या एका केंद्रीय कायद्याने जमिनीचा केवळ वापरहक्क घेतला जातो. जमीन मालकाच्याच नावावर राहते. ऐकायला ही व्यवस्था सौम्य वाटते. परंतु त्याच कायद्याच्या नवव्या कलमाने त्या पट्टीवर घर बांधण्यास, विहीर किंवा तळे खणण्यास आणि झाड लावण्यास मनाई आहे. मोबदला किती? दहाव्या कलमाप्रमाणे जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, शिवाय पिकाचे व झाडांचे नुकसान झाले असेल तर त्याची भरपाई. ज्याच्याकडे दहा एकर शेत आहे त्याच्या दृष्टीने हा हिशेब कदाचित चालण्यासारखा असेल. वाहिनी पुरल्यावर तो वर पुन्हा भात लावील. ज्याच्याकडे दहा सेंट आहेत त्याचे काय?

येथे साधे गणित करून पाहावे. दहा सेंट म्हणजे सुमारे चारशे चौरस मीटर. तुकडा चौकोनी असेल तर प्रत्येक बाजू वीस मीटरांची. आणि वाहिनीसाठी मूळ योजनेत घेतली जाणारी पट्टी वीस मीटर रुंदीची! म्हणजे ती पट्टी अशा तुकड्यावरून गेली तर मालकाच्या नावावर सातबारासारखा एक कागद उरतो आणि कागदाखालच्या जमिनीवर त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, नारळ लावता येत नाही. मुलाचे लग्न झाल्यावर शेजारी दोन खोल्या काढण्याची सोय राहत नाही. ती जमीन विकत घ्यायला कोणी येत नाही. जमीनदाराने झोपडी उठवली असती तर निदान अन्याय झाला असे सर्वांनी म्हटले असते. येथे नव्वद टक्के किंमत नाहीशी होते आणि मालकी मात्र अबाधित असल्याचे सांगितले जाते.

कायदा करणाऱ्यांना हे अगदीच सुचले नव्हते असे नाही. सातव्या कलमात स्पष्ट तरतूद आहे की, अधिसूचनेपूर्वी निवासासाठी वापरात असलेल्या जमिनीखालून, पक्के बांधकाम असलेल्या जमिनीखालून आणि राहत्या घराला जोडून असलेल्या जमिनीखालून वाहिनी टाकता येणार नाही. केरळातला सगळा वाद या एका तरतुदीत सामावलेला आहे. राहत्या घराला जोडून असलेली जमीन कोणती? अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ती घराच्या ओट्यापाशी संपते. घरात राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने ती विहिरीपर्यंत, नारळापर्यंत, कुंपणापर्यंत जाते. या दोन अर्थांपैकी कोणता खरा, हे ठरविण्यासाठी हरकती नोंदविण्याची मुदत आहे अधिसूचनेपासून एकवीस दिवसांची. राजपत्र रोज वाचणारा कुटुंबप्रमुख कोणत्या गावात असतो?

लोकांचे म्हणणे ऐकण्याची दुसरीही दारे बंद आहेत. 2013 सालच्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची पाहणी आणि, काही प्रकल्पांच्या बाबतीत, बाधितांची संमती बंधनकारक केली. पण 1962 चा हा कायदा त्याच्या चौथ्या परिशिष्टात घालून त्या बंधनांतून वगळण्यात आला. पर्यावरण परवानगीच्या 2006 सालच्या अधिसूचनेप्रमाणे वायुवाहिनी अभयारण्यासारख्या संवेदनशील प्रदेशातून जात असेल तरच त्या परवानगीची गरज पडते. म्हणजे वाघाच्या घरातून वाहिनी न्यायची तर चौकशी होते. माणसाच्या घराशेजारून न्यायची तर होत नाही.

भीती आणि अनुभव

विरोध करणाऱ्यांना भित्रे आणि अडाणी ठरविण्याची पद्धत जुनीच आहे. परंतु त्यांची भीती कोणत्या अनुभवातून आली हे पाहिले पाहिजे. 27 जून 2014 च्या पहाटे आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम या गावी याच कंपनीच्या वाहिनीतून वायू गळला, नारळांच्या बागांतून पसरला आणि पेटला. वीसहून अधिक माणसे होरपळून मेली. कोरड्या वायूसाठी असलेल्या वाहिनीतून ओलसर वायू जात राहिल्याने ती आतून गंजली होती, असे चौकशीत आढळले. केरळातील प्रत्येक सभेत नगरमचे नाव निघत होते. त्या गावाचे चित्र केरळातल्या कोणत्याही गावासारखेच होते, मग ते का निघू नये?

श्रीमंत देशातला अनुभवही निराळा नाही. 9 सप्टेंबर 2010 रोजी कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो या उपनगरात 1956 साली पुरलेली वाहिनी फुटली. आठ माणसे मेली, 38 घरे नष्ट झाली आणि वायूचा प्रवाह बंद करण्यास सुमारे दीड तास लागला. वाहिनी पुरताना ती सुरक्षितच असते. प्रश्न चाळीस-पन्नास वर्षांनंतरचा असतो. तोवर ती टाकणारा अभियंता निवृत्त झालेला असतो आणि मंत्री विस्मृतीत गेलेला असतो. शेजारी राहणारे कुटुंब मात्र तेथेच असते.

अभियांत्रिकीचे शास्त्रही वस्तीचा विचार करते. वाहिनीच्या दोन्ही बाजूंना दोनशे मीटरपर्यंत किती घरे आहेत हे सुमारे सोळाशे मीटरांच्या टप्प्यांत मोजतात. त्यावरून वर्ग ठरतो आणि वर्गावरून नळाची जाडी व झडपांमधील अंतर ठरते. विरळ वस्तीत झडपा 32 किलोमीटरपर्यंतच्या अंतराने चालतात, दाट वस्तीत हे अंतर 16 वर आणि बहुमजली वस्तीत 8 वर आणावे लागते. तेव्हा आमच्या गावाला कोणता वर्ग दिला, जवळची झडप कोठे आहे आणि ती किती मिनिटांत बंद होते, हे तीन प्रश्न विचारणे हा अडाणीपणा नव्हे. अडाणी माणूस हे प्रश्न विचारीत नाही.

सत्तेतले आणि सत्तेबाहेरचे

या प्रकरणातील राजकारण कटू आहे. 2011 ते 2016 या काळात काँग्रेस आघाडीचे सरकार असताना काम रखडले आणि विरोधकांना डाव्या पक्षांतून सहानुभूती मिळत होती. 2016 मध्ये डावी आघाडी सत्तेवर आली, कामाने वेग घेतला आणि काँग्रेस आघाडीतील मंडळी आंदोलकांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. खुर्च्या बदलल्या तशा भूमिका बदलल्या. लाठीमारानंतर सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांनी आंदोलनामागे अतिरेकी गट असल्याचे सांगितले. काही संघटनांनी या असंतोषावर आपली पोळी भाजून घेतली असेलही. पण चूल पेटलेली नसती तर पोळी भाजली कशावर असती? शेजारच्या तामिळनाडूत याच प्रकल्पाच्या शाखेला सात जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी विरोध केला तेव्हा तेथील राज्य सरकारने 2013 साली वाहिनी महामार्गालगत न्यावी अशी भूमिका घेतली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. राज्याच्या हाती कायदा नव्हता हे खरे. पण लोकांची बाजू घेऊन हरणे आणि लोकांवर लाठी चालविणे यांत अंतर आहे.

नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वपक्षीय बैठक झाली. मार्ग बदलणार नाही यावर सरकार ठाम राहिले. पण भरपाईचे दर वाढविले, दहा सेंट किंवा त्याहून कमी जमीन असलेल्यांना पाच लाख रुपयांचे विशेष साहाय्य देण्याचे ठरले आणि अशा तुकड्यांत घर बांधता येईल इतकी जागा मोकळी सोडण्याचे मान्य झाले. पुढे काम पुरे झाले आणि 5 जानेवारी 2021 रोजी पंतप्रधानांनी वाहिनीचे उद्घाटन केले. त्या समारंभात एरञ्ञिमावच्या लोकांना स्थान असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी दहा सेंटवाल्याला जे काही मिळाले ते कायद्याने दिलेले नाही, कंपनीने आपणहून दिलेले नाही; रस्त्यावर बसलेल्या माणसांमुळे ते मिळाले, याची नोंद राहिली पाहिजे.

सार्वजनिक म्हणजे काय?

समाजवादी विचार मानणाऱ्यांपुढे यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. उद्योग सरकारी मालकीचा असला की तो लोकांचा झाला, असे आपण फार काळ मानीत आलो. गेल सरकारी कंपनी आहे. केरळचे सरकार डाव्यांचे होते. तरीही ज्याच्या कुंपणाआतून वाहिनी जायची त्याला ती आपली वाटली नाही, कारण निर्णय होईपर्यंत त्याला कोणी विचारले नव्हते. मालकी सार्वजनिक असून चालत नाही, निर्णयही सार्वजनिक व्हावा लागतो.

आणि हा प्रश्न केरळापुरता नाही. दाभोळहून बंगळुरूकडे गेलेली, 2013 साली सुरू झालेली वाहिनी याच कायद्याखाली महाराष्ट्राच्या जमिनीतून गेलेली आहे. तेव्हा मागण्या सर्वांच्या आहेत. 1962 च्या कायद्यातील दहा टक्क्यांचे कलम बदलावे आणि लहान तुकड्याचा वेगळा विचार व्हावा. घराला जोडून असलेली जमीन म्हणजे काय, हे ग्रामसभेला विचारून ठरवावे. मार्ग निश्चित होण्यापूर्वी जाहीर सुनावणी व्हावी. आणि प्रत्येक पंचायतीत तिच्या हद्दीतील वाहिनीचा वर्ग, झडपांची ठिकाणे आणि तपासणीचा अहवाल दरवर्षी मराठीत, मल्याळीत, ज्या त्या लोकांच्या भाषेत वाचून दाखवावा.

1970 साली दहा सेंट मिळविणाऱ्यांना कोणीतरी सांगितले होते की, आता तुम्हांला येथून कोणी उठवू शकणार नाही. तो शब्द पाळण्याची जबाबदारी अजून संपलेली नाही.