जिंकलेला डाव जिंकायचा कसा



बुद्धिबळाच्या वर्गाला जाणारी मुलं घरी येऊन सांगतात ती ओपनिंगची नावं. सिसिलियन, किंग्ज इंडियन वगैरे. डावाची अखेर, म्हणजे एंडगेम, कशी खेळायची, हे कोणी उत्साहानं सांगत नाही. वजीर मेले, घोडे-उंट गेले, पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि मूठभर प्यादी उरली, की बघणारे उठून जातात. खेळाडूला मात्र उठता येत नाही. मोहरी कमी झाल्यामुळे आता एका चुकीची भरपाई करायला दुसरं काही हाताशी नसतं. हत्तींचे सगळे एंडगेम बरोबरीतच सुटतात, असं बुद्धिबळपटू गमतीनं म्हणतात, ते याचमुळे. तुम्ही वरचढ असता, सगळ्यांना ते दिसत असतं आणि तरीही अर्धाच गुण हाती येतो.

आज मी एकच डाव घेणार आहे. २३ मार्च १९२४, न्यूयॉर्कचं अलामॅक हॉटेल. पांढरी मोहरी क्यूबाच्या होसे राउल कापाब्लांकाकडे. तो १९२१ पासून विश्वविजेता होता. आठ वर्षं एकही डाव न हरलेला हा माणूस आदल्याच दिवशी रिचर्ड रेटीकडून हरला होता. आता समोर साविएली टार्टाकोवर, डच बचाव खेळणारा.

चौतिसाव्या खेळीला कापाब्लांकानं उंट देऊन घोडा मारला आणि हत्तींचा एंडगेम उरला. मागच्या पटावर ती स्थिती लावली आहे. पांढऱ्याचा राजा एफ ३ वर, हत्ती एच ७ वर, प्यादी ए ४, सी ३, डी ४, एफ ४, जी ५ वर. काळ्याचा राजा एफ ८ वर, हत्ती सी ६ वर, प्यादी ए ७, बी ६, सी ७, डी ५, एफ ५ वर. दोघांची पाच-पाच प्यादी. काळ्याचा हत्ती सी ३ वरचं प्यादं शह देत खाणार, हे उघड आहे. तुम्ही-आम्ही काय करू? ते प्यादं कसं वाचवायचं, याच विचारात पडू.

कापाब्लांकानं राजा जी ३ वर नेला. खा म्हणाला. टार्टाकोवरनं खाल्लं आणि शह दिला. राजा एच ४ वर. काळ्याचा हत्ती एफ ३ वर आला. आता सी ७ चं काळं प्यादं फुकट पडलं होतं. कापाब्लांकानं तिकडे पाहिलंही नाही, जी ६ खेळला. काळ्यानं एफ ४ चं प्यादंही शह देऊन खाल्लं. राजा जी ५ वर. हिशेब करा: पांढऱ्याची तीन प्यादी, काळ्याची पाच. तरी डाव पांढऱ्याचा आहे. कारण सातव्या रांगेवरच्या हत्तीनं काळ्या राजाला शेवटच्या रांगेत कोंडलं आहे, आणि पांढरा राजा त्याच्यावर चालून येतो आहे.

आता या डावातली सर्वांत सुंदर खेळी. काळ्याचा हत्ती ई ४ वर गेला. राजाच्या शेजारी एफ ५ वर काळं प्यादं उभं आहे. खायला काहीच अडचण नाही. पण कापाब्लांका ते सोडून राजा एफ ६ वर नेतो. का? ते प्यादं खाल्लं तर एफ पट्टी मोकळी होईल आणि काळ्याचा हत्ती मागून शह देत सुटेल. न खाल्लं तर शत्रूचंच प्यादं आपल्या राजाची भिंत बनतं. शिवाय आता हत्ती एच ८ वर गेला की मात आहे.

काळा राजा जी ८ वर सरकला. यानंतर कापाब्लांकानं आधी हत्ती जी ७ वर आणून शह दिला, राजाला एच ८ च्या कोपऱ्यात ढकललं आणि मगच सी ७ चं प्यादं खाल्लं. तेच प्यादं चार खेळ्या आधीही मिळत होतं. पण आता ते खाताना सी ८ वरून मात करण्याची धमकीही मिळाली. काळ्याचा हत्ती मुकाट्यानं ई ८ वर परतला, आणि तेव्हा कुठे राजानं एफ ५ खाल्लं. पुढे ए ७ गेलं, डी ५ गेलं. दोन प्यादी देऊन चार वसूल झाली. बावन्नाव्या खेळीला डीचं प्यादं सहाव्या रांगेत पोचलं आणि टार्टाकोवरनं डाव सोडला.

श्रोतेहो, तंत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाठ केलेले नियम येतात. राजा पुढे आणा, हत्ती सातव्या रांगेवर ठेवा. हे नियम टार्टाकोवरलाही ठाऊक होते. फरक होता तो कुठल्या गोष्टीशिवाय आपलं चालेल, हे ओळखण्यात. व्याजाच्या चिंतेत मुद्दल गमावणारा सावकार जसा बुडतो, तसा सी ३ राखायला धावणारा खेळाडू अडकतो. दुसरी गोष्ट क्रमाची. घ्यायचं ते सगळं कापाब्लांकानं घेतलंच, पण प्रत्येक प्यादं त्याच्या वेळेला.

कुणी म्हणेल, हे झालं शंभर वर्षांपूर्वीचं; आज संगणक सगळं सांगतो. पटावर सातच मोहरी उरली असतील तर कुठल्याही स्थितीचा अचूक निकाल संगणकाच्या कोष्टकात मिळतो, हे खरं आहे. पण ३ डिसेंबर २०२१ चा दुबईचा डाव पाहा. विश्वविजेतेपदाच्या लढतीतले पहिले पाचही डाव बरोबरीत सुटले होते. सहाव्यात मॅग्नस कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी उरली, इयान नेपोम्नियाचीकडे एकटा वजीर. कोष्टक म्हणत होतं, बरोबरी. कार्लसन खेळत राहिला. स्वतःच्या मोहऱ्यांना इजा होऊ न देता तो समोरच्याला पुनःपुन्हा नेमकं उत्तर शोधायला लावत होता. साडेसात तासांहून अधिक वेळ गेला, १३६ खेळ्या झाल्या आणि नेपोम्नियाचीनं हार मानली. विश्वविजेतेपदाच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत लांब डाव तो. बरोबरी राखायलाही तितकंच अचूक तंत्र लागतं, आणि थकलेल्या माणसाकडून ते आधी सुटतं.

कापाब्लांकाचा आग्रह असे, की शिकणाऱ्यानं एंडगेमपासून सुरुवात करावी. मुलांच्या पालकांना माझीही तीच विनंती आहे. आज घरी गेल्यावर ही स्थिती पटावर लावा आणि मुलाला पांढऱ्याची बाजू द्या. तो सी ३ वाचवायला धावला तर रागावू नका. खेळू द्या आणि काळ्याची बाजू तुम्ही घ्या. त्याला जिंकता आलं नाही, की मग विचारा, कुठलं प्यादं सोडायला हवं होतं?