घराचे काम देण्यापूर्वी



आज मी तुम्हांला घराविषयी चार गोष्टी सांगणार आहे. घर कसे बांधावे हे मी सांगणार नाही. ते गवंड्याचे आणि सुताराचे काम. घराचे काम दुसऱ्याच्या हाती देताना आपण काय पाहावे, काय विचारावे आणि काय लिहून घ्यावे, एवढेच सांगणार आहे.

आपल्याकडे म्हण आहे, 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून.' मी म्हणतो, जुन्या घराची दुरुस्ती तर त्याहून अवघड. नवे घर डोळ्यांसमोर उभे राहते. जुन्या घरात मात्र वाशाला वाळवी किती लागली, भिंतीतली वायर किती कुजली, हे काम काढल्यावरच कळते. म्हणून ठेका देताना अधिक जपावे लागते.

पूर्वी आपल्या गावात बलुतेदार होते. सुतार गावचा, लोहार गावचा. सुगी झाली की त्यांना धान्य मिळे. काम वाईट केले तर दुसऱ्या दिवशी त्याच गावात तोंड दाखवावे लागे. त्या पद्धतीत कारागिरावर अन्यायही होत असे. ठरलेली मजुरी नाही, दाद मागायला जागा नाही. ती पद्धत गेली, ते बरेच झाले. पण तिच्याबरोबर ओळखही गेली. आज गवंडी कधी कर्नाटकातून येतो, रंगारी कधी उत्तर प्रदेशातून येतो. घराचा मालक मुंबईला, घरात म्हातारी आई एकटी, आणि ठेका ठरतो फोनवर! अशा वेळी ओळखीची जागा कागदाने भरून काढावी लागते. आणि कागद वाचण्याची विद्या तर तुम्ही आता हस्तगत केली आहे. तिचा उपयोग आपल्या घरासाठी करा.

पहिली गोष्ट घाईची.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जूनच्या सुरुवातीला मृग निघतो आणि पाऊस धरतो. मग चार महिने छपराला हात लावता येत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सगळ्यांनाच कौले परतायची असतात. गणपतीला चाकरमानी येणार, म्हणून श्रावणात सगळ्यांनाच रंग काढायचा असतो. ठेकेदार एक आणि घरे वीस. मग तो प्रत्येकाकडून थोडी आगाऊ रक्कम घेतो आणि काम कोणाचेच पुरे होत नाही.

संकटानंतर तर ही घाई फारच वाढते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. मंडणगड आणि दापोली भागात घरांची छपरे उडाली, बागा आडव्या झाल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पूर आला आणि घराघरांत पाणी शिरले. अशा वेळी सगळ्यांना एकदम पत्रे हवेत, वायरमन हवा, गवंडी हवा. घाबरलेला माणूस भाव विचारत नाही. म्हणून दिवाळी झाली की छपर पाहून घ्या. ठेका पौष-माघात ठरवा. पाऊस आपली वाट पाहत नाही, आपणच आधी तयार राहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट माणूस पारखण्याची.

ठेकेदार आपल्या मोबाईलवर सुंदर चित्रे दाखवील. चित्रे पाहू नका, घरे पाहा. ज्या घरावरून एक पावसाळा गेला आहे, असे त्याने केलेले घर जाऊन पाहा. घरच्या बाईला विचारा, 'कुठे गळते का हो? भिंतीला ओल येते का? मिस्त्री सांगितल्या दिवशी आला का? ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले का?' ती खरे सांगेल. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

ठेकेदार कुठे राहतो हेही पाहून ठेवा. फोन बंद होतो, घर जागचे हलत नाही.

तिसरी गोष्ट किमतीची.

समजा, दोन ठेकेदार आले. पहिला म्हणाला, 'नव्वद हजारांत करतो.' दुसरा म्हणाला, 'एक लाख दहा हजार लागतील.' तुम्ही कोणाला काम द्याल? लगेच उत्तर देऊ नका. पहिल्याला विचारा, 'यात काय काय आले?' तो म्हणेल, 'परातीचा खर्च वेगळा, बारा हजार. डबर टाकण्याचे आठ हजार. रंगाचे सहा हजार.' आता बेरीज करा. नव्वद, बारा, आठ आणि सहा. झाले एक लाख सोळा हजार! दुसऱ्याच्या रकमेत हे सगळे धरलेले असेल, तर तोच सहा हजारांनी स्वस्त पडला. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. रीत मात्र सगळीकडे हीच.

मापही स्वतः घ्या. भिंत बारा फूट लांब आणि दहा फूट उंच असेल, तर एकशेवीस चौरस फूट झाली. गिलावा आणि रंग चौरस फुटावर मोजतात. वाळू आणि खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गाडीचा हौदा दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट भरलेला असेल, तर तो बरोबर एक ब्रास. फूटपट्टी लावून पाहायला लाजू नका.

माल कोणता, तेही विचारा. आपल्याकडे खाडीची वाळू येते. तिच्यात मीठ असते. ती गोड्या पाण्याने नीट न धुता स्लॅबात घातली, तर आतली सळी गंजते. गंजलेली सळी फुगते आणि स्लॅबाचे पोपडे सुटतात. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. दमट हवेत ती फार दिवस पडून राहिली की सिमेंटचे बळ कमी होते. गोणीवर ते कोणत्या आठवड्यात तयार झाले हे छापलेले असते. ते वाचा. पत्रे घालायचे असतील, तर किती हुक मारणार हे विचारा. वादळात आधी तोच पत्रा उडतो, ज्याचे हुक वाचवलेले असतात. आणि स्लॅब झाल्यावर त्याला पाणी मारण्याचे काम कोणाचे, हेही आधीच ठरवा. निदान दहा दिवस तरी स्लॅब ओला राहिला पाहिजे.

चौथी गोष्ट पैशांची.

सगळे पैसे आधी देऊ नयेत. सगळे शेवटी देईन, असेही म्हणू नये. गरीब मिस्त्री माल कोठून आणणार? मधला मार्ग असा. माल दारात आला की काही रक्कम. अर्धे काम झाले की काही रक्कम. काम पुरे झाले की काही रक्कम. आणि थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, छपर गळत नाही हे पाहिल्यावर. किती आणि केव्हा, हे दोघांनी आधीच ठरवावे.

सरकारसुद्धा असेच करते. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातील घरासाठी सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार रुपये साहाय्य ठरले आहे. ते एकदम हातात देत नाहीत. पाया झाला, काम वर आले, तसतसे हप्ते बँकेच्या खात्यात येतात. जे सरकार करते, ते आपणही करावे.

पैसे बँकेतून किंवा मोबाईलवरून दिले तर नोंद राहते. रोख दिले तर पावती घ्यावी. आधी लिहावे, मग द्यावे. सख्खा मेहुणा ठेकेदार असला तरी लिहावे. लिहिल्याने नाते तुटत नाही. न लिहिल्याने तुटलेली नाती मात्र प्रत्येक वाडीत सापडतील.

पाचवी गोष्ट विजेची. इथे पैशांचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

विजेचे काम 'येते मला थोडेफार' म्हणणाऱ्याला देऊ नये. घराचे वायरिंग परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे, असा नियम आहे. नव्या जोडणीसाठी महावितरणला त्याचा चाचणी अहवालही द्यावा लागतो. परवाना दाखवायला सांगा. त्यावरची तारीख वाचा. मुदत संपलेली नाही ना, हे पाहा. काही लोक सहीपुरता परवानेवाला आणतात आणि काम भलत्याच पोराकडून करून घेतात. तसे चालू देऊ नका.

वायरीवर आय.एस.आय.ची खूण हवी. दिव्याला साधारण दीड एमएमची वायर, प्लगला अडीचची आणि पाणी तापवण्याच्या गिझरला चारची लागते. बारीक वायरीवर मोठा भार घातला की ती तापते आणि आग लागते.

आता आणखी एक वस्तू सांगतो. तिला आर.सी.सी.बी. म्हणतात. गुराख्याने सकाळी दहा गुरे रानात नेली आणि संध्याकाळी नऊच परत आली, तर तो काय करतो? तिथेच थांबतो आणि शोध घेतो. ही पेटीही तसेच करते. जितकी वीज घरात गेली तितकी परत आली नाही, म्हणजे ती कुठेतरी ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जात आहे. हे कळताच ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची पेटी घ्यावी. साधा एम.सी.बी. वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. आपल्या कोकणात पावसाळ्यात भिंती ओलावतात, म्हणून ही पेटी हवीच. तिच्यावर एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. पेटी पडली तर चांगली आहे.

अर्थिंगही विसरू नका. आपली जमीन जांभ्याची. कातळावर उन्हाळ्यात ओल राहत नाही, आणि कोरडी जमीन वीज नीट ओढत नाही. म्हणून अर्थिंगचा खड्डा पाणी मुरेल अशा जागी घ्यावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे. काम झाल्यावर अर्थिंग मापून दाखवायला सांगावे.

सहावी गोष्ट राखणीची.

जुन्या घरांत दाराला आडवा अडसर असे. आत माणूस असे, म्हणून अडसर पुरे. आज कित्येक घरे गणपती आणि शिमगा सोडला तर बंदच असतात. म्हणून लोक लोखंडी जाळ्या आणि कॅमेरे बसवतात. ते चांगले आहे. पण काही गोष्टी ध्यानात ठेवा. जाळी भिंतीत खोल बसवलेली हवी, नुसती चार स्क्रूंवर नको. एक जाळी आतून उघडणारी हवी, नाहीतर आग लागली तर बाहेर कसे पडणार? वीज गेली की कॅमेरा आंधळा होतो. त्याला बॅटरी आहे का, ते विचारा. कॅमेरा बसवणाऱ्याने घातलेला पासवर्ड तो गेल्यावर लगेच बदला. घरात कामे चालू असताना किल्ली अनेकांच्या हातांतून जाते. काम संपले की दाराचे कुलूप बदला. कोणावर संशय घ्यायचा म्हणून नव्हे. काही चोरीला गेले तर गरीब मजुरावर उगाच आळ येऊ नये, म्हणूनसुद्धा.

सातवी गोष्ट काम करणाऱ्यांची.

तो मिस्त्री आणि ती डोक्यावरून घमेले नेणारी बाई आपलीच माणसे आहेत. तुमच्यापैकी कित्येकजण दुसऱ्याच्या घरी हेच काम करतात. ठरलेले पैसे ठरल्या दिवशी द्या. उंचावर काम असेल तर परात पक्की आहे का, ते पाहा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवता येते. हे त्यांना सांगा. चांगले काम हवे असेल, तर आपणही चांगला मालक झाले पाहिजे.

आता चिठ्ठी कशी लिहावी ते सांगतो. ती अशी असावी :

'घरमालकाचे नाव व पत्ता. ठेकेदाराचे नाव, पत्ता व फोन. काम कोणते, किती मापाचे. माल कोणाचा, कोणत्या प्रतीचा. एकूण रक्कम किती. हप्ते किती व केव्हा. काम सुरू होण्याची तारीख. काम संपण्याची तारीख. वाढीव काम निघाल्यास आधी लिहून ठरवावे. पावसात गळल्यास ठेकेदाराने किती दिवसांत दुरुस्त करावे. दोघांच्या सह्या. दोन साक्षीदारांच्या सह्या.'

अशा दोन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे. काम फार मोठे असेल, तर वकिलाला विचारून मुद्रांकाच्या कागदावर करार करा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. पण तो सिद्ध करणे कठीण. तोंडातला शब्द वाऱ्यावर जातो, कागदावरचा राहतो.

एवढे करूनही फसवणूक झाली तर? भांडू नका, मारामारी तर नकोच. आधी लेखी पत्र द्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ठेकेदार मुंबईचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. तिथे पहिला प्रश्न हाच विचारतील, 'तुमच्याकडे काही लिहिलेले आहे का?'

भगिनींनो, तुम्हांला मुद्दाम सांगतो. पुरुष मुंबईला असतो आणि काम तुमच्या डोळ्यांसमोर चालते. तेव्हा चिठ्ठीवर तुमचीही सही असू द्या. 'मला काय कळते त्यातले?' असे म्हणू नका. गळणाऱ्या छपराखाली टोप तुम्हीच मांडता. कुठे गळते हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक?

पूर्वी ठेकेदार कागद पुढे करी आणि म्हणे, 'इथे अंगठा द्या.' आता तसे कोणी म्हणाले, तर त्याला सांगा, 'जरा थांबा. आधी मला वाचू द्या.'