मोटारीच्या मापाचा रिले



ऐन पाळीच्या दिवशी मोटार जळाली की आपण म्हणतो, "लाइटीनं घात केला." लाइटीचा दोष असतोही. पण मेन स्विच बंद करून एकदा स्टार्टरची पेटी उघडून पाहा. आतला ओव्हरलोड रिले त्या मोटारीच्या मापाचा असतोच असे नाही.

कोणी म्हणेल, फ्यूज आहे की! पण सुरू होताना मोटार काही क्षण नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. तेवढ्याने वितळणार नाही अशीच तार घालावी लागते. मग पुढे दीडपट प्रवाह वाहत राहिला, तरी ती तार स्वस्थ! तिचे काम शॉर्टसर्किटपुरते.

रिलेत दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली की एक धातू अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि मोटार बंद पडते. तापायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीचा झटका ती सोसते. शिक्षकमित्रांनी चांदीचा मुलामा दिसणाऱ्या कागदाची पट्टी मेणबत्तीच्या जरा वर धरून दाखवावी. ती वाकताना मुलांना दिसेल.

आता माप. मोटारीच्या पाटीवरचा अँपिअरचा आकडा वाचा. समजा, पाच अश्वशक्तीच्या तीन फेजच्या मोटारीवर 7.5 आहे. तिला 6 ते 10 चा रिले घ्यावा आणि काटा 7.5 वर ठेवावा. दुकानात होता म्हणून 9 ते 14 चा आणला, तर त्याचा काटा 9 च्या खाली येतच नाही. मोटार 5 अँपिअरवर चालली असताना एक फेज गेला, तर उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोनपट, म्हणजे साडेआठांच्या वर प्रवाह जातो. बरोबर लावलेला रिले थोड्या वेळाने तोडील. 9 वरचा गप्प बसेल, आणि वायंडिंग जळेल.

स्टार-डेल्टा स्टार्टरात मात्र रिले बहुधा वायंडिंगच्या वाटेत असतो. तेथे पाटीवरच्या आकड्याच्या 58 टक्केच धरायचे. 11 असेल तर 6.4. येथे जाणते वायरमनही चुकतात बरं का!

नव्या पेट्यांत पट्टीऐवजी तारेभोवती कडे असते, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. ते उलटसुलट वाहणाऱ्या ए. सी. प्रवाहावरच चालते. सौर तक्त्यांकडून येणारा प्रवाह डी. सी.; तेथे हे कडे आंधळे. त्या बाजूला 1879 साली एडविन हॉल यांना आढळलेल्या चुंबकीय परिणामावर चालणारा सेन्सर चालतो. सौर पंपाचा कंट्रोलर दुरुस्त करून घेताना जुन्या पेटीतले कडे त्यात बसवू देऊ नका.