वांग्यांना पाणी घालायचं राहिलंय



आपल्या ग्रुपवर मी परसातल्या मेथीचे आणि वांग्यांचे फोटो टाकत असते, म्हणून आज मला बागेवर बोलायला उभं केलंय. जवळजवळ चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्याबद्दल मात्र कुणी एक शब्द विचारला नाही!

खरं सांगते, ही बाग मुळात बाबांची. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागे चार वाफे केले. मी पुण्याहून सुटीत आले की ते कौतुकाने एकेक झाड दाखवायचे, आणि मी कानाला फोन लावून नुसती मान हलवायची.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. ते दिवस कसे होते हे तुम्हाला सांगायला नको, इथल्या कितीतरी घरांनी ते सोसले आहेत. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "वांग्यांना पाणी घालायचं राहिलंय गं." मला रागच आला. पण नागपूरचं एप्रिलचं ऊन. झाडांनी माना टाकल्या होत्या. पाइप लावला. संध्याकाळी पानं पुन्हा ताठ झाली. त्या आठवड्यात माझ्या हातून धड झालेलं तेवढं एकच काम.

घरून काम सुरू होतं, मी इथेच राहिले. बाबांच्या कपाटात श्री. अ. दाभोलकरांचं 'विपुलाच सृष्टी' सापडलं. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. घरचा ओला कचरा, पालापाचोळा आणि ऊन यांच्या हिशेबावर शहरातही भाजी पिकते, हे त्यांनी 'प्रयोग परिवारा'तून लोकांना करून दाखवायला लावलं. हिशेब म्हटल्यावर माझा जीव रमला. मेमध्ये पारा पंचेचाळिसाकडे गेला की हिरवी जाळी बांधायची, पाणी सकाळ-संध्याकाळच द्यायचं, मेथी-पालक-सांभार दिवाळीच्या आगेमागे पेरायचा, हे चुकत चुकत शिकले. ऑफिसात कोड बिघडला की जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. इथे हुकलेला हंगाम हुकला.

मग आला २३ सप्टेंबर २०२३. त्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्याही घरात गुडघ्यापर्यंत पाणी होतं. उतरलं तेव्हा वाफ्यांच्या जागी काळा, घाण मारणारा गाळ. आईला धरून मी मागच्या पायरीवर बसले. बाबा पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी गाझातलं युद्ध सुरू झालं. युक्रेनचं चालूच होतं. आमच्या कंपनीत कुणाकुणाला कमी करणार, याची कुजबुज होती. आत टीव्हीवर पडलेल्या इमारती दिसत, आणि मी बाहेर फावड्याने गाळ काढत असे. वरचा चार-पाच बोटं थर काढून टाकला, वाफे आठवडाभर उन्हात तापवले, वर नवी माती आणि शेणखत घातलं, आणि मेथी पेरली. चौथ्या दिवशी कोंब दिसले. महिन्याभरात पहिल्या जुड्या निघाल्या. पुराच्या पहाटे आईला हाताला धरून वरच्या मजल्यावर नेणाऱ्या शेजाऱ्यांकडे त्या गेल्या.

बागेत गेलं की जगाचा विसर पडतो, असं लोक म्हणतात. मला नाही पडत. युद्धाची बातमी, नोकरीची धाकधूक, बाबांची आठवण, सगळं तिथे माझ्याबरोबर असतं. पण तिथे माझ्या दोन हातांना जमेल एवढं काम समोर असतं आणि ते आजच करायचं असतं. ते झालं की रात्री झोप लागते. शांती म्हणून मला मिळालं ते एवढंच, आणि ते पुरतं.

पुरात एक गोष्ट वाचली. बाबांच्या वालाच्या बिया आईने फळीवरच्या डब्यात ठेवल्या होत्या. त्याच वेलाच्या बियांच्या पुड्या दाराजवळच्या टेबलावर मांडल्या आहेत. जाताना एकेक न्या. मृगाचा पाऊस पडला की लावा. आणि बाई, तुमच्यासाठी दोन ठेवल्या आहेत. सातवीत तुम्ही ओल्या कापसात मटकीला मोड आणायला सांगितलं होतं, तेव्हा मी घरून मोड आलेली मटकी आणून दाखवली होती. ते आज कबूल करते.