बुद्धीचे खेळ आणि काचेची पाटी
(मंडळात दिलेल्या भाषणावरून)



बोटाच्या स्पर्शाने चालणारा मोबाईल घरोघरी येऊ लागला, तेव्हा त्याच्याबरोबर एक आश्वासनही आले. रोज थोडा वेळ आकड्यांचे आणि स्मरणाचे खेळ खेळा, बुद्धी तल्लख राहील! या खेळांचे वेड पसरले ते २००५ साली जपानी संशोधक र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाने निन्टेन्डोच्या छोट्या यंत्रावर आलेल्या खेळामुळे. २००७ साली आयफोन निघाला आणि हळूहळू तेच वेड फोनमध्ये शिरले.

आम्हां दूरस्थ मंडळींना या आश्वासनाचा मोह अधिक. मुले नोकरीनिमित्त दूर गेलेली. मागे उरलेल्या वृद्धांना विस्मरणाचे भय. परंतु या आश्वासनाची परीक्षा झालेली आहे. ११,४३० लोकांनी सहा आठवडे असे खेळ खेळल्यानंतरचा निष्कर्ष २०१० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. जो खेळ खेळला त्यात हात बसला; इतर बौद्धिक कामांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 'लुमॉसिटी'च्या चालकांना फसव्या जाहिरातींबद्दल वीस लाख डॉलर भरावयास लावले.

मग हे खेळ टाकाऊ समजावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. औषध म्हणून ते खोटे ठरले, तरी विरंगुळा म्हणून खरेच आहेत. गडियाहाटच्या उड्डाणपुलाखाली बुद्धिबळाचे पट मांडून बसणारे लोक स्मरणशक्तीच्या चिंतेने तेथे येत नाहीत. समोर कोणी बसलेला असतो, म्हणून येतात.

असाच एक खेळ आमच्या घरचा आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तो दिला. सगळे अंक सारखे नसतील अशी चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. उत्तराचे पुन्हा तेच करा. ३५२४ घेतल्यास प्रथम ३०८७, मग ८३५२, आणि शेवटी ६१७४. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच!

हा खेळ मोठ्याने, मराठीत खेळावा, अशी आमची विनंती आहे. कारण आमच्या नातवंडांना 'एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाईन की सिक्स्टी-नाईन?' असे विचारावे लागते. शेजारचा बंगाली मुलगाही 'ऊनषाट' म्हणताना असाच अडखळतो. साठाला एक कमी, हा दोन्ही भाषांतला एकच हिशेब दोन्ही घरांतून एकदमच निसटत आहे.

आजोबांच्या हाती मोबाईल आहेच. ती काचेची पाटी समजावी, नातवाला शेजारी बसवावे, आणि वजाबाकी त्याच्याकडून वदवून घ्यावी. आजोबांची स्मृती त्याने वाढेल, असे वचन आम्ही देत नाही. पण त्यांची भाषा आणखी एका पिढीच्या स्मरणात राहील, हा लाभ थोडका नव्हे.