शोभेची दारू



दिवाळीत मुले फटाक्यांचा हट्ट धरतात. म्हणून आज आपण शोभेच्या दारूविषयी बोलू. ही प्यायची दारू नव्हे बरं का! ही उडवायची दारू.

तिच्यात असते काय? सोरा, गंधक आणि कोळसा. गंधक लवकर पेट घेतो. कोळसा जळतो. जळायला लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो. चुलीला फुंकर लागते, दारूला लागत नाही. ती बंद नळीतही जळते.

आता तिची रूपे पाहू.

फुलबाजीच्या मसाल्यात लोखंडाचा कीस असतो. तो जळतो आणि चांदण्या उडतात. साणेवर विळा धरला की ठिणग्या उडतात ना? त्याच जातीच्या या.

भुईनळ्याचे तोंड लहान असते. आतला वायू तेवढ्याशा भोकातून जोराने वर येतो. मग ठिणग्यांचे झाड उभे राहते.

भुईचक्रात वायू मागे सुटतो, म्हणून चक्र पुढे रेटले जाते आणि गरगर फिरते. बाणात वायू खाली सुटतो, म्हणून बाण वर जातो. काडीमुळे तो सरळ जातो.

औट मात्र जत्रेत पाहावा. सांगली जिल्ह्यात कवठे एकंद गावी दसऱ्याला अशी दारू उडते. औटाचा गोळा उंच जाऊन फुटतो. आतल्या गोळ्या पेटून चहूकडे फेकल्या जातात. आकाशात शेवंतीचे फूल उमलते. काही गोळ्या सावकाश जळत खाली ओघळतात. तेव्हा वडाच्या पारंब्या लोंबल्यासारख्या दिसतात. लांबून पाहिले तर फूल आधी दिसते, आवाज मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात.

रंग कुठून येतात? चुलीत मीठ पडले की जाळ पिवळा होतो. तसेच हे. स्ट्रॉन्शियमच्या क्षाराने तांबडा रंग येतो, तांब्याच्या क्षाराने निळा. ॲल्युमिनियमच्या भुकटीने लख्ख पांढरा उजेड पडतो. हिरवा रंग बेरियमचा. पण बेरियमचे क्षार अपायकारक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांत ते वापरायला मनाई केली.

फटाक्यात दारू कागदात घट्ट आवळलेली असते. वायूला वाट मिळत नाही, म्हणून तो कागद फाडून बाहेर पडतो. तो हातात फुटला तर बोटे जातात. न उडालेल्या फटाक्यावर कधी वाकू नये. वात आत धुमसत असते. थोडे थांबून लांबूनच पाणी ओतावे.

फुलबाजीलाही गरीब समजू नका. पाणी १०० अंशांवर उकळते. फुलबाजीचे टोक १००० अंशांच्या वर तापते. विझलेली तारही पाण्याच्या बादलीत टाका. कडब्याच्या गंजीजवळ बाण सोडू नका. भाजले तर त्यावर शाई, दंतमंजन काही लावू नका. २० मिनिटे साध्या पाण्याची धार धरा आणि दवाखान्यात न्या.

आता तुम्हाला वाचता येते. फटाक्याच्या खोक्यावर सूचना छापलेल्या असतात. त्या आधी स्वतः वाचा. मुलांना वाचून दाखवा. मगच काडी ओढा.